माझा चेहरा बनवून आणा

भवानी पेठेतल्या 'ऋतुजा डिजिटल फ्लेक्स'चे मालक शहाजी लेंगरे यांना चेहऱ्याच्या कामात काही शिकवेल असा माणूस सोलापुरात शोधून सापडला नसता. वाढदिवसाचे बोर्ड, निवडीच्या अभिनंदनाचे बोर्ड, दहाव्याचे बोर्ड, वीस वर्षं हाच धंदा. काळ्याचा गोरा करायचा, पन्नाशीतल्याचा पस्तिशीतला करायचा, चामखीळ उडवायची, दाढीतले पांढरे केस पुसायचे. चौकात बोर्ड लागला की गिऱ्हाइकाला स्वतःचीच ओळख पटायची नाही, पण खूश असायचं.

अशा या माणसाची एका मंगळवारी दुपारी चार वाजता, स्वतःच्याच दुकानात, स्वतःच्याच कॉम्प्युटरपुढे पार दैना उडाली होती.

"काका, आधी क्लास निवडा," संस्कृती म्हणाली. ही त्यांच्याकडे डिझायनिंगला होती, सव्वीस वर्षांची, आणि त्यांच्या मुलीची शाळेपासूनची मैत्रीण.

"क्लास म्हंजे?"

"म्हणजे या खेळात तुम्ही कोण असणार ते. हा तलवारवाला. ही बाण मारणारी. हा ढालवाला, हा सगळ्यांच्या पुढं उभा राहून वार अंगावर घेतो. आणि हा हीलर. कुणाला लागलं की त्याला बरं करतो."

"त्यानं मारामारी करायची न्हाय?"

"नाही. मागं उभं राहायचं आणि बघत राहायचं, कुणाला लागलंय का."

शहाजींनी पडद्यावर हीलरवर बोट ठेवलं. ढालवाल्याकडे त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही.

खेळाचं नाव 'नवखंड'. देशभरातली पोरंपोरी तिथं एकाच वेळी हिंडतात, टोळी करून राक्षस मारतात आणि मारता मारता एकमेकांशी गप्पा टाइप करतात. बावन्न वर्षांच्या माणसाला या भानगडीत पडायचं काहीच कारण नव्हतं. कारण एकच होतं, आणि ते दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

ऋतुजा ही त्यांची एकुलती एक लेक. तीन वर्षांपूर्वी तिनं कॉलेजातल्या अनिलकुमारशी कोर्टात लग्न केलं. मुलगा चांगला, नोकरीचा, पण दुसऱ्या जातीतला. दुसऱ्या दिवशी सांगोल्याकडच्या गावाहून शहाजींचे थोरले भाऊ बाळासो चार माणसं घेऊन दुकानात आले. खुर्चीवर न बसताच म्हणाले, "पोरगी मेली म्हनून बोर्ड लाव चौकात. न्हायतर आमी तुला मेला समजतो."

'समजा' एवढा एकच शब्द शहाजींच्या तोंडून निघाला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. तो निघाला नाही. काही माणसांची जीभ बायको-पोरींपुढे तेवढी चालते, भावकीपुढे टाळ्याला चिकटते. शहाजी त्यातले.

त्या संध्याकाळी त्यांनी संस्कृतीला लवकर घरी पाठवलं आणि स्वतः कॉम्प्युटरवर बसले. भावपूर्ण श्रद्धांजली. डाव्या बाजूला फोटो, उजव्या बाजूला मजकूर, वरून झेंडूचा हार. डोकं रागानं भणभणत होतं, पण हाताला वीस वर्षांची सवय. हातानं तिचा रंग उजळला. डोळ्याखालचा तीळ पुसला. हनुवटीवर लहानपणी लागल्याची खूण होती, ती पुसली. फोटोत ती बोर्डाच्या बाहेर बघत होती. माणूस नेहमी मजकुराकडे बघणारा हवा, हा धंद्यातला नियम, म्हणून हातानं फोटो उलटवला आणि डाव्याची उजवी बाजू झाली. फक्त खाली कोपऱ्यात दुकानाचं नाव असायचं, ते त्यांनी घातलं नाही. तेवढी लाज शिल्लक होती. मग त्याच तिरीमिरीत त्यांनी कॉम्प्युटरमधले तिचे बाकीचे सगळे फोटो उडवून टाकले.

बोर्ड अकरा दिवस चौकात होता. बायको मायाक्कांनी घरातला अल्बम आपल्या ट्रंकेत घातला, किल्ली मंगळसूत्रात अडकवली, आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी कामापुरतं बोलायला सुरुवात केली. दुकानाची पाटी मात्र बदलली नाही. कागदपत्रांवर सगळीकडे तेच नाव होतं, असं शहाजी लोकांना सांगत.

मग गेल्या महिन्यात दुकानात एक माणूस आला. त्याची पोरगी खरोखरच गेली होती, तापानं, एकोणीस वर्षांची. फोटो देताना काउंटरला धरून तो खाली बसला. शहाजींच्यानं ते काम झालं नाही. संस्कृतीनं बोर्ड केला, माणूस गेला, आणि शहाजी तिला म्हणाले, "ऋतुजाचा नंबर हाय का गं तुझ्याकडं?"

नंबर द्यायचा नाही, अशी तिला ऋतुजाची शपथ होती. पण रोज दुपारी चार वाजता, रात्रपाळीला जायच्या आधी, ती पुण्यात या खेळात असते, एवढं संस्कृतीच्या तोंडून निघून गेलं. खेळाबद्दल शपथ घातलेली नव्हती.

क्लास ठरला आणि चेहऱ्याचं पान उघडलं, तसे शहाजी खुर्चीत पुढे सरकले. नाकाचे चाळीस प्रकार होते. भुवया, गालफडं, कातडीचा रंग, खांद्यांची रुंदी, तीळ, व्रण, सगळं डावी-उजवीकडे सरकवता येत होतं. हे तर त्यांचं घरचंच काम. तिनं ओळखू नये म्हणून त्यांनी ठरवून आपल्या उलट माणूस करायला घेतला. आपल्याला झुपकेदार मिशा, त्याला काढून टाकल्या. आपल्या डाव्या भुवईवर जन्माची पांढरी बट, त्याचे केस काळेभोर केले. नाकाशेजारची चामखीळ नाही, सुटलेलं पोट नाही. फ्लेक्सची भेंडोळी वाहून डावा खांदा उतरला होता, तो सरळ केला.

"काका, हा कुठल्याही वॉर्डातला इच्छुक उमेदवार दिसतोय," संस्कृती म्हणाली.

नावाच्या रकान्यात शहाजींनी 'पाहुणा' असं टाइप केलं.

संस्कृतीचंही त्या खेळात खातं होतं; आपल्या ओळखीचा म्हणून तिनं त्याला ऋतुजाच्या टोळीत घ्यायला लावलं. एका दगडी वेशीपाशी टोळी जमायची. पाहुणा तिथं जाऊन उभा राहिला. बाणवाली आली, तलवारवाला आला. मग वेशीतून एक जाडजूड म्हातारा ढाल घेऊन डुलत डुलत आला, आणि शहाजींचा हात माउसवरून उचलला गेला.

झुपकेदार मिशा. डाव्या भुवईवर पांढरी बट. सुटलेलं पोट. डावा खांदा उतरलेला. डोक्यावर नाव होतं, 'अण्णा'. ऋतुजा त्यांना अण्णाच म्हणायची.

"टिंगल चालवलीय बापाची," ते म्हणाले. कानशिलं तापली होती.

 संस्कृतीनं म्हाताऱ्याचा चेहरा मोठा करून दाखवला. नाकाच्या उजव्या बाजूला चामखीळ होती, बरोबर जागच्या जागी, हरभऱ्याच्या डाळीएवढी. टिंगल करणारा माणूस मिशा काढतो, पोट काढतो आणि मोकळा होतो. खांदा किती उतरलाय ते कोणी मोजत बसत नाही. शहाजींनी गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसलं आणि पुढं विषय काढला नाही.

त्यानंतर तीन आठवडे भवानी पेठेत चार ते पाच फ्लेक्सचं काम बंद असायचं. अण्णा पुढे, ढाल धरून. सगळे वार त्याच्यावर. मागे पाहुणा, त्याला बरं करत. बटण दाबलं की म्हाताऱ्याच्या अंगावर हिरवा उजेड पडायचा आणि तो पुन्हा ताठ व्हायचा. शहाजींना त्या बटणाचा नादच लागला. लागलं नसलं तरी दाबायचे. ऋतुजा टाइप करायची, 'पाहुणे, बास की, अण्णा ठणठणीत आहेत.' ती त्यांच्याशी बोलत होती. कुणाशी बोलतेय ते तिला माहीत नव्हतं एवढंच, आणि तेवढं सोडलं तर शहाजींना तीन वर्षांत इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

पण सुख पचवणं हेही सगळ्यांना जमतं असं नाही. एका गुरुवारी त्यांनी विचारलं, 'तुम्ही म्हातारा का घेतला? बाकीचे सगळे तरणे दिसतात.'

 उत्तर आलं, 'हे माझे वडील आहेत. सोलापुरात असतात. बोलत नाहीत माझ्याशी. म्हणून मी त्यांना इथं रोज तासभर फिरवून आणते.'

शहाजींना पडदा दिसेनासा झाला. संस्कृती पलीकडच्या टेबलावर कुठल्याशा नगरसेवकाच्या फोटोला हार घालत होती. तिला हाकही न मारता त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'ऋतुजा मी अण्णा हाय.'

म्हातारा जागेवर थांबला. टोळी पुढे निघून गेली.

'कोण आहात तुम्ही? थोरल्या काकांनी पाठवलंय का?'

'न्हाय. मीच हाय. खरंच.'

'मागच्या वर्षी पण एकजण अण्णा म्हणून फोनवर बोलला होता. पत्ता विचारत होता. आम्ही घर बदललं त्यापायी.'

'मला ठाऊक न्हाय बाळ. मी न्हाय त्यो.'

म्हातारा पाठ फिरवून वेशीकडं निघाला. शहाजींना वाटलं, गेली. मग ओळी आल्या. 'खरे अण्णा असाल तर एक करा. या खेळात माझा चेहरा बनवून आणा. माझ्या अण्णांइतका चेहऱ्यातला जाणता माणूस दुसरा नाही. उद्या चार वाजता, वेशीपाशी.'

एवढंच. शहाजींना हसू आलं, आणि रडूही. पोरीनं मागून मागून मागितलं काय, तर बापाच्या हातातलं. त्यांनी घरी फोन केला. दुकानातून विनाकारण घरी फोन केल्याला तीन वर्षं झाली होती. मायाक्कांनी विचारलं, "काय?" ते म्हणाले, "काय न्हाय, सहज."

दुसऱ्या दिवशी संस्कृतीची रजा होती, तिच्या साखरपुड्याच्या साड्या घ्यायच्या होत्या. ती असती तर तिनं त्यांना थांबवलं असतं. शहाजींनी शटर अर्धं ओढलं, चार गिऱ्हाइकं परत पाठवली आणि नवीन कॅरेक्टरचं पान उघडलं. क्लासला त्यांना विचार करावा लागला नाही. लेकीला कुठं लागू नये म्हणून तिला त्यांनी सगळ्यात लांबून लढणारी बाणवाली केली. मग चेहऱ्यावर आले, डोळे मिटले आणि ऋतुजाला डोळ्यांपुढं आणायला लागले.

ती येईना. केस आले, दोन वेण्या आल्या, आवाज आला, "अण्णा, चहा आणलाय" म्हणताना मान वाकडी करायची ती आली. पण चेहऱ्याच्या जागी बोर्डच यायचा. तीन वर्षांत दुसरं काही त्यांनी पाहिलंच नव्हतं. मन भरून आलं की गुपचूप ती फाइल उघडायची, हार आणि मजकूर तेवढा लपवायचा, आणि बघत बसायचं, हीच त्यांची रीत होऊन बसली होती. मायाक्कांकडे अल्बम मागता आला असता. कोणत्या तोंडानं मागणार होते? शिवाय त्यांना वाटलं, आपल्याकडे एवढा मोठा, स्वच्छ, चांगल्या साइझचा फोटो आहे की. धंदेवाल्या माणसाला फोटोची साइझ आधी दिसते, त्याला कोण काय करणार.

त्यांनी फाइल उघडली. हार लपवला. मजकूर लपवला. आणि सकाळी दहापासून साडेतीनपर्यंत, पाणीसुद्धा न पिता, तो चेहरा फोटोवरून खेळात उतरवला. कपाळ, भुवयांचा बाक, नाकाचा शेंडा. रंग फोटोतला. चमकी फोटोत होती त्या नाकपुडीत. काम झालं तेव्हा एका बाजूला फोटो आणि एका बाजूला बाणवाली ठेवून पाहिलं, तर तसूभर फरक नव्हता. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम झालं होतं. शहाजींनी पडद्यावरच्या गालावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ये आता घरी."

चार वाजता बाणवाली वेशीपाशी गेली. म्हातारा आधीच येऊन उभा होता. तो तिच्याजवळ आला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. पुन्हा समोर येऊन उभा राहिला. 

'चमकी उजव्या बाजूला कशी?' ऋतुजानं लिहिलं.

शहाजींनी फोटोकडे पाहिलं. उजव्याच बाजूला होती.

'हनुवटीवरची खूण कुठाय? डोळ्याखालचा तीळ?'

'ऱ्हायलं,' त्यांनी लिहिलं. 'करतो. आत्ता करतो. कुटल्या बाजूला ते सांग.'

त्यांनी हे लिहून पाठवलं आणि पाठवल्यावर वाचलं.

'ही मी नाही,' तिनं लिहिलं. 'ही त्या बोर्डावरची आहे.'



'मी बघितलाय बोर्ड. कपडे न्यायला आले होते, रिक्षातनं बघितला आणि तशीच परत गेले. चमकी उजवीकडं, रंग पांढराफटक, सगळं असंच. हा चेहरा कुणाला आठवणीवरनं जमायचा नाही. ज्याच्याकडं ती फाइल आहे त्यालाच जमंल, आणि इतका हुबेहूब हात फक्त अण्णांचा.'

मग आलं, 'म्हणजे बोर्ड तुम्ही केला होता.'

आणि मग एकापाठोपाठ एक ओळी येत राहिल्या. शहाजी त्या वाचत होते. 'खाली दुकानाचं नाव नव्हतं. मला वाटलं, थोरल्या काकांनी दुसरीकडनं करून घेतला. अण्णा नुसते गप्प बसले असतील. गप्प बसायची त्यांना सवय आहे. तीन वर्षं मी अनिलला हेच सांगत आले, की अण्णांचा हात माझ्या तसल्या बोर्डाला लागणारच नाही. त्याच्याशी भांडले मी यावरनं.'

म्हातारा ढाल घेऊन उभाच होता. त्याचा चेहरा हलत नव्हता, खेळातले चेहरे हलत नाहीत.

'पटलं मला. तुम्ही अण्णाच आहात,' तिनं लिहिलं. 'आईला सांगा, मी बरी आहे.'

वेशीपाशी बाणवाली एकटी राहिली. शहाजींनी तिच्या हातून बाण मारून पाहिला, उगीचच. कॉम्प्युटर बंद करायचं त्यांना सुचलं नाही. बाहेर कुणीतरी शटर वाजवून गेलं.

शनिवारी चार वाजता त्यांनी पुन्हा पाहुण्याला वेशीपाशी नेऊन उभं केलं. टोळीच्या यादीत तलवारवाला होता, बाणवाली होती. 'अण्णा' हे नाव नव्हतं.

"आज आली न्हाय वाटतं," ते म्हणाले.

संस्कृती त्यांच्यामागं येऊन उभी राहिली होती. तिचे डोळे सुजलेले होते. "काका, तिनं ते कॅरेक्टर काढून टाकलं. काल रात्री. आता दुसरं घेतलंय. त्याचं नाव तुम्हाला सांगायचं नाही म्हणालीय."

"आन त्यो म्हातारा?"

"गेला तो."

"परत आनता येत न्हाय?"

"नाही काका. पहिल्यापासून करावा लागतो, एकेक करून. आणि तो तिनंच करायला पाहिजे."

शहाजींनी मान हलवली. दुनियेच्या पाठीवर एक जागा होती जिथं त्यांची लेक त्यांना चामखिळीसकट सांभाळत होती, आणि तिथून त्यांना हाकलायला बाळासो आले नव्हते, भावकी आली नव्हती. साडेपाच तास खपून, पाणी न पिता, ते काम त्यांनी स्वतःच्या हातानं केलं होतं. संस्कृतीनं त्यांच्यापुढं चहा ठेवला. तो त्यांनी घेतला नाही.

त्या संध्याकाळी ते लवकर घरी गेले. मायाक्का चुलीपाशी भाकरी थापत होत्या. गॅस होता, पण भाकरी त्या चुलीवरच करायच्या. शहाजी उंबऱ्यात उभे राहिले. निरोप होता, तो द्यायलाच हवा होता.

"ऋतुजा बरी हाय," ते म्हणाले. "तुला सांगायला सांगितलंय तिनं."

मायाक्कांचा हात परातीत थांबला. त्यांनी वर पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या नवऱ्याकडे सरळ बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर जे उमटलं होतं ते बघवत नव्हतं.

"तुमी बघितली तिला? कशी झालीय वं? वाळलीय का? तोंड कसं दिसतंय?"

शहाजींनी तोंड उघडलं. चेहऱ्यांबद्दल खोटं सांगण्यावरच आजवर पोट भरलं होतं. चांगली दिसती, भरलीय अंगानं, असं काहीतरी सांगून तिला एक घास सुखाचा देता आला असता. पण पोरीच्या चेहऱ्याकडे बघायला म्हणून मन वळवलं, तर पुढं ती पांढरीफटक, डाग नसलेली, मजकुराकडे बघणारी पोरगीच येऊन उभी राहिली. मायाक्का उत्तराची वाट बघत होत्या. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

"अगं," शहाजी म्हणाले, "मला तिचं तोंडच आठवंना."